दोन वेण्यांचा नियम

"वेण्या कुठं आहेत?"

"घातल्या न्हाईत, बाई."

"का नाही घातल्या?"

"न्हाई घातल्या."

शाळेच्या फाटकात उभं राहून रोज सकाळी मी नाना तऱ्हेची कारणं ऐकत असे. रिबीन कुत्र्यानं पळवली, कंगवा भावानं मोडला, आई पहाटेच ऊसतोडीला गेली, तेलाची बाटली लवंडली. कारणं खोटी आहेत हे मला ठाऊक असे, आणि मला ठाऊक आहे हे पोरींना ठाऊक असे. तरी ती सांगायची आणि ऐकून घ्यायची एक रीत पडून गेली होती. इंदुमती कुराडे ती रीत पाळत नव्हती. आठवीतली पोर, अंगानं काटकुळी, डोक्याला तपकिरी लोकरी रुमाल घट्ट बांधलेला. कारण सांगायची नाही, रडायची नाही, पुन्हा असं होणार नाही म्हणायची नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची.

"थंडी वाजते म्हणून रुमाल बांधलास ना?" शेवटी मीच तिला कारण पुरवलं.

"न्हाई, बाई."

"मग सोड तो."

"न्हाई सोडत."

मागं रांग खोळंबली होती. मी तिला प्रार्थना होईपर्यंत बाजूला उभं राहायला सांगितलं. ती लगेच जाऊन उभी राहिली, जणू तिची ठरलेली जागाच होती ती.

त्या वर्षी शाळेची शिस्त माझ्याकडे होती. तशी ती आधीची कित्येक वर्षंही माझ्याकडेच होती. दर जूनमध्ये आमचे मुख्याध्यापक तोडकर सर सगळ्या शिक्षकांना बसवून विचारायचे, "शिस्त कोण घेणार?" आणि सगळे खिडकीबाहेर बघू लागायचे. मग सर म्हणायचे, "शिंत्रे बाईंचा आवाज खडा आहे." आवाज खडा होता, कारण विज्ञानाच्या तासाला तो मागच्या बाकापर्यंत पोचवावा लागे. पण तेवढ्यावर फाटकातली ड्युटी माझ्या गळ्यात पडली ती पडलीच. नखं बघा, बांगड्या उतरवा, मेंदी लावलेल्या हातांवर ओरडा. मुलींनी दोन वेण्या घालायच्या, त्या वर दुमडायच्या आणि लाल रिबिनीनं बांधायच्या. हा नियम मी शाळेत लागले त्याच्याही आधीचा. खरं सांगायचं तर रिबीन लाल असो की जांभळी, पाणी उकळायचं तेव्हाच उकळतं. पण हे मी कुणाला सांगणार? संध्याकाळी घरी गेले की घसा धरलेला असे आणि पाय ठणकत असत. मास्तरकीत माणूस शिकवून थकत नाही, पहारा देऊन थकतं.

त्या हिवाळ्यात तर मला नुसतं फाटक दिसलं तरी कंटाळा येई. इंदूशी वाद घालायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. आठवडाभर तिला बाजूला उभं करून झाल्यावर एका सकाळी मी हात हलवला. "जा वर्गात."

"शिक्षा?"

"काही शिक्षा नाही. जा."

ती हलली नाही. "नियम हाय न्हवं, बाई?"

मला वाटलं पोरगी मला खिजवतेय. मी तिला मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत यायला सांगितलं.

आमची प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक लांब टेबल, मोडकी कपाटं आणि बरणीतला एक साप, जो माझ्याही आधी नोकरीला लागलेला. इंदू आली. मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "आता सोड रुमाल. इथं कुणी नाही."

या वेळी तिनं मुकाट्यानं सोडला.

पुढचे केस नीट विंचरलेले होते. मागं मात्र, टाळूच्या खालपासून मानेपर्यंत, केसांचा एकच चिकट दोर झाला होता. मनगटाएवढा जाड. त्यावर हळदकुंकू फासून फासून त्याचा रंग विटक्या विटेसारखा झाला होता. मी सीमाभागातच वाढलेली. ते काय आहे हे मला कुणी सांगायला नको होतं. केसांत जट आली की देवी अंगावर आली म्हणायचं, त्या जटेला फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच, आणि पोरगी असली तर माघी पुनवेला देवीच्या डोंगरावर नेऊन तिच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधायची. आमच्याकडे त्याला मोती बांधणं म्हणतात. मोती बांधलेली पोर देवीची. तिला शाळा नाही, नवरा नाही, परडी घेऊन दारोदार जोगवा मागत फिरायचं, आणि पुढं काय व्हायचं ते सगळ्या गावाला माहीत असतं. कायद्यानं ते बंद होतं. म्हणजे कागदावर बंद होतं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं. ताप आलाता मला, लई दिवस निजून हुते. उठले तवा गुतवळ झालंतं. आईनं फणी घालून वढलं. त्याच सांजंला बारक्याला फेफरं आलं."

"बारक्या कोण?"

"भाऊ. धाकटा. आई म्हटली, देवीनंच सांगिटलं, हात लावू नगंस."

"आणि पुनवेला नेणार आहेत तुला?"

तिनं मान हलवली. मग रुमाल पुन्हा बांधू लागली. मान एका बाजूला कलती झालेली मला तेव्हा दिसली. जटेचं ओझं होत होतं तिला.

मी तोडकर सरांकडे गेले. सर वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला टेकलेले होते आणि कुठलंही भांडण निवृत्तीच्या पलीकडे ढकलता येईल का, एवढंच बघायचे. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"धार्मिक बाब आहे, बाई. पोलिसांत गेलात तर पोरीला रात्रीत सीमेपलीकडे नेतील. हातची जाईल."

"मग काय करायचं?"

"तिला सूट देऊन टाकू. रुमाल बांधून येऊ दे. निदान शाळेत येईल. तेवढंच आपल्या हातात."

मला ते पटलं. आज सांगायला हरकत नाही, मला बरंसुद्धा वाटलं. रोजच्या भांडणातलं एक तरी कमी झालं. दुसऱ्या दिवशी मी फाटकातच इंदूला हळूच सांगितलं, "तुला सूट मिळाली. आता कुणी विचारणार नाही."

तिचा चेहरा पडला.

"सूट नगं, बाई."

"अगं, मग हवंय तरी काय तुला?"

"मला काढा शाळेतनं." मग इकडंतिकडं बघून ती घाईघाईनं म्हणाली, "म्हंजे आईला बोलवा आन् सांगा, वेण्या घातल्याबिगर शाळेत घेत न्हाई म्हणून. आई कुणाचंच ऐकत न्हाई, बाई. दोघांस्नीच भिती. देवीला आन् तुमाला."

"मला? तिनं मला कधी बघितलंय तरी का?"

"न्हाई. पर तुमी लई कडक हाय म्हणून मी सांगून ठेवलंया घरात. पोरींस्नी उन्हात उभ्या करत्यात, सांगिटलंया. मारत्यात बी, सांगिटलंया."

मी कधी कुणाला मारलं नव्हतं. पण त्या क्षणी मला तिचा राग आला नाही. आठवडाभर ही पोर फाटकात शिक्षा मागत उभी होती आणि मी तिला दमून माफ करत होते. तिच्या घरी तिचं कुणी ऐकणार नव्हतं, म्हणून तिनं शाळेचा सगळ्यात बिनकामाचा नियम हाताशी धरला होता. आणि तोच आम्ही तिच्याकडून काढून घेत होतो.

"उद्या आईला घेऊन ये," मी म्हणाले. "शिक्षा म्हणून सांग. बाई चिडल्यात म्हण."

"लई चिडल्यात म्हणू?"

"लई म्हण."

आक्काताई, इंदूची आई, दुसऱ्या दिवशी शाळा सुटता सुटता आली. वीटभट्टीवरून थेट आली असावी, पदराला लाल माती होती. नवरा भट्टीच्या मालकाबरोबर परगावी असे. घर तीच चालवायची. मी पुढं केलेल्या खुर्चीवर ती बसली नाही. प्रयोगशाळेच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बरणीतल्या सापाला तिनं हात जोडले.

आधी मी माझ्या परीनं शास्त्र सांगितलं. दुसरं मला येतंच काय होतं? तापात केस विंचरले गेले नाहीत, घाम आणि मळ साठला, केसांत केस अडकले. बारक्याला फेफरं आलं ते तापानं आलं असेल, डॉक्टरला दाखवा. मी फळ्यावर केसाचं चित्रसुद्धा काढलं. आक्काताईनं सगळं मन लावून ऐकलं.

"व्हय बाई. खरं असंल," ती म्हणाली.

आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. कितीतरी वर्षं मी वर्गांना असं शिकवत आले होते. पोरं हो म्हणायची, पेपरात बरोबर लिहायची, आणि ग्रहण लागलं की घरी जाऊन पाण्यात तुळस टाकायची. मला फार थकवा आला. मी खडू ठेवून दिला.

"हे बघा आक्काताई, देवीचं तुम्ही बघा. शाळेचा नियम मी सांगते. उद्या हिच्या दोन वेण्या दिसल्या पाहिजेत. नाहीतर हिला शाळेत घेणार नाही."

"बरं," आक्काताई म्हणाली. "काढा नाव."

इंदूनं माझ्याकडे बघितलं. तिचं सगळं गणित एका शब्दात कोसळलं होतं. माझंही. नियमाला आई भिते, हे पोरीचं म्हणणं. पण देवीला जास्त भिते, हे ती धरायचं विसरली होती आणि मीही विसरले होते. नाव काढलं तर पुनवेपर्यंत तिला घरातच ठेवतील, मग संपलंच. आक्काताईनं पोरीचा दंड धरला आणि ती दारापर्यंत गेली.

पण ती दारातून बाहेर पडली नाही. जायचं असतं तर गेली असती. चौकटीला हात लावून तशीच उभी राहिली, मग मागं वळली.

"ह्यो नियम कुणी केला, बाई?"

"शाळेनं."

"शाळेनं म्हंजे कुणी?"

मी सरांचं नाव घेऊ शकले असते, संस्थेचं घेऊ शकले असते. पण तिच्या डोळ्यांकडे बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की ती उगाच विचारत नाहीये. तिला माणूस हवं होतं.

"मी केला," मी म्हणाले.

"मग कापायचं झालं तर तुमीच कापणार?"

"मीच."

"आमी कापा म्हटल्यालं न्हाई."

"नाही म्हटलंत."

"तुमी जबरदस्ती केलीसा."

"हो. केली."

मग ती एक एक करून विचारू लागली. लग्नाची मुलगी बघायला आलेल्या बाईसारखं तिचं विचारणं होतं.

"पोरंबाळं किती तुमाला?"

"नाहीत."

"मालक?"

"लग्नच केलं नाही."

"आईबाप?"

"गेले दोघंही."

"म्हंजे मागं कुणीच न्हाई."

"कुणीच नाही."

आक्काताईनं सुस्कारा सोडला. "मग बरं," ती म्हणाली.

मागं कुणी नाही हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले. लोक ते हळहळून म्हणायचे. एखाद्या कामासाठी ती पात्रता ठरावी, असं पहिल्यांदाच झालं. मला हसू आलं. तिनं कमरेची पिशवी सोडून हळदकुंकवाची पुडी काढली. म्हणजे येतानाच घेऊन आली होती. टेबलावर बेडूक कापायची कात्री होती, तिला तिनं हळदकुंकू वाहिलं, मग माझ्या कपाळाला लावलं.

"आई, सगळं हिच्यावर," ती खालच्या आवाजात देवीला म्हणाली. "माज्या लेकरांकडं बघू नगंस."

मग ती बाहेर गेली आणि व्हरांड्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

जट कापायला फार वेळ लागला. काथ्याचा दोर कापावा तसं ते काम होतं. कात्री लहान, माझा हात दुखायला लागला. इंदू टेबलाची कड धरून बसली होती. शेवटचे केस तुटले तेव्हा तिची मान एकदम वर आली, आपोआप, आणि ती तशीच ताठ बसून राहिली.

"दुखलं का?"

"न्हाई." मग थोड्या वेळानं, "बाई, मान कुणीतरी काढून घेतल्यागत झालंया."

उरलेल्या केसांच्या दोन आखूड वेण्या मी घातल्या. माझ्या टेबलाच्या खणात नियमाबाहेरच्या म्हणून काढून घेतलेल्या रिबिनी होत्या, त्यातल्या हिरव्या तिला बांधल्या. लाल एकही नव्हती. कापलेली जट आक्काताई हातात घेईना. ती मी कागदात गुंडाळून नेली आणि नदीत सोडली. तोडकर सरांनी दुसऱ्या दिवशी इंदूच्या वेण्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं, आणि हजेरीपटात डोकं घातलं.

मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं.

आक्काताई रोज फाटकाशी दिसायला लागली. भट्टीवर जाताना ती वाकडी वाट करून यायची, रस्त्यापलीकडे थांबायची आणि मला न्याहाळायची. आधी मला वाटलं, पोरीला सोडायला येते. मग कळलं, माझ्याकडे बघायला येते. मी धडधाकट उभी आहे, ओरडतेय, नखं तपासतेय, हे बघून तिचा चेहरा उजळायच्या ऐवजी रोज थोडा काळवंडत होता. एके दिवशी तिनं रस्ता ओलांडून विचारलंच.

"बरं हाय न्हवं, बाई?"

"ठणठणीत आहे."

"ताप बीप?"

"काही नाही."

ती खिन्न होऊन निघून गेली. देवीचा कोप माझ्यावर पडायचा होता. तो पडला नव्हता. मग तो कुठं गेला, या विचारानं तिची झोप उडाली असणार. मी खोकला काढून दाखवायला हवा होता की काय, असा विचार माझ्या मनात आला आणि मीच स्वतःवर चिडले.

पुनव जवळ आली तशी बारक्याला खरोखरच ताप भरला. इंदू शाळेत यायची बंद झाली. शेजारच्या पोरीकडून कळलं की आईनं देवीची माफी मागायचं ठरवलंय. केस असोत नसोत, पुनवेला इंदूला डोंगरावर घेऊन जाणार आणि मोती बांधणार. गाडी ठरली होती.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या घरी जायचं मी ठरवलं. काय सांगणार होते, ते मला माहीत नव्हतं. शास्त्र सांगून झालं होतं, नियमही दाखवून झाला होता. तशीच निघाले आणि मुलींच्या मुतारीजवळच्या गळक्या नळापाशी माझा पाय सटकला. तिथं बारा महिने शेवाळ असे. मी दोनदा सरांना सांगितलेलं. पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. सरांनीच जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं. कोपरापर्यंत प्लास्टर घालून दोन दिवसांनी मी माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत आले तेव्हा मला इंदूचा विचार करायचीही ताकद नव्हती. एका हातानं स्टोव्हला पंप मारता येत नाही हे मला तेव्हाच कळलं. मी शिळे पोहे खाऊन पडून राहिले.

दुपारी दार वाजलं. आक्काताई होती, मागं इंदू.

आक्काताई आत आली आणि माझ्या हाताकडे बघत राहिली. तिनं मला कशा आहात म्हणून विचारलं नाही. अगदी हळू आवाजात विचारलं, "कसं झालं, बाई?"

आयुष्यात मी पोरांना एकच गोष्ट शिकवली असेल, ती म्हणजे प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते शोधावं. नववीला घर्षणाचा धडा मीच शिकवायचे. ओल्या शेवाळावर रबरी चप्पल का घसरते, हे मी झोपेतही सांगितलं असतं. आक्काताई प्लास्टरकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर अशी आशा होती की ती बघवत नव्हती. तिच्यामागं इंदू उभी होती. मी काय बोलते, त्यावर पुनवेची गाडी निघणार होती किंवा नव्हती.

"काय झालं कळलंच नाही," मी म्हणाले. "सपाट जमीन होती. चालताना मागनं कुणीतरी ढकलल्यासारखं झालं."

"मागनं?"

"मागनंच. वळून बघितलं तर कुणी नव्हतं."

आक्काताई मटकन खाली बसली. पदर तोंडात धरून ती रडू लागली, आणि रडता रडताच माझ्या प्लास्टरवरून हात फिरवू लागली. "फिटलं बाई," ती म्हणत होती. "फिटलं. हातावर निभावलं. जीव राखला तुमचा." मग उठून डोळे पुसले, आतल्या खोलीतल्या माझ्या चुलीकडे, म्हणजे स्टोव्हकडे बघितलं, आणि कुणी सांगायच्या आधीच पिठाचा डबा शोधायला तिकडे गेली.

इंदू माझ्या खाटेजवळ आली.

"बाई," ती कुजबुजली, "नळापाशीच पडलासा न्हवं?"

मी तिच्याकडे बघितलं.

"तितं मी बी पडलीया मागं. शेवाळ हाय." तिनं आतल्या खोलीकडे नजर टाकली. "आईला सांगू नगा."

"नाही सांगणार."

"मी बी न्हाई सांगत."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मला इतकं हलकं आणि इतकं दमल्यासारखं एकाच वेळी कधी वाटलं नव्हतं. भाकरी आणि झुणका खाऊन झाल्यावर आक्काताई म्हणाली, "आता बसा हितं खाली. केसांचा अवतार झालाय." पडल्या दिवसापासून मी केसांना हात लावू शकले नव्हते. मी तिच्यापुढं पाट घेऊन बसले. ती पाठीमागं बसली आणि माझ्याच फणीनं विंचरायला लागली. वरचे केस सुटले, बाजूचे सुटले. मग मानेपाशी फणी अडकली.

आक्काताईचा हात थांबला.

बोटांनी ती त्या जागेवर चाचपत होती. मला न बघताही कळत होतं तिथं काय आहे. किती तरी वेळ उशीवर डोकं घासलं गेलं होतं, घाम आला होता. समोर इंदू बसली होती, ती श्वास रोखून आईकडे बघत होती. केसांत केस अडकतात हे मी बोलू शकले असते. फळ्यावर चित्र काढूनही दाखवलं होतं. मी गप्प बसले.

बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली.

"गुतवळ झालंया," आक्काताई शेवटी म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता, वेळ होतोय म्हणून कुरकुरणारा. "इंदे, बगत काय बसलीयास? तेल आण. जरा भिजवून सोडवावं लागंल."

इंदू उठली आणि फळीवरची तेलाची बाटली घेऊन आली.